दंडावर आणलेली लस

लस उन्हात मरते. आमच्या खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात हे इतक्या थोडक्यात लिहिलेलं नव्हतं, पण हिंगोलीत नेमणूक झालेल्या देवी डॉक्टरला ते पहिल्याच उन्हाळ्यात कळायचं. देवी डॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हे. गावोगाव, तांड्यातांड्यांवर फिरून लेकरांना देवीची लस टोचणारा सरकारी नोकर. निजामाचं राज्य होतं, हिंगोली परभणी जिल्ह्यात मोडत होती, तेव्हा काही वर्षं मी ते काम केलं. पुढे एका दैनिकात गेलो आणि बाकीची नोकरी बातम्या लिहिण्यात गेली. तिथे लागलेली एक सवय इथेही पाळतो. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकत्र कालवायचं नाही.

हिंगोलीचा उन्हाळा तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. शिमगा झाला की कयाधूचं पात्र कोरडं पडे. घरांची माळवदं दिवसभर तापत आणि पहाटेपर्यंत निवत नसत. दाराच्या कडीला हात लावायचा तर मध्ये पदर किंवा धोतराचा सोगा धरावा लागे. कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याखाली काम करणारे हमाल डोक्याला ओलं पोतं गुंडाळत. लेकरांच्या माना घामोळ्यांनी लाल. बाहेर पडणारा माणूस खिशात कांदा ठेवायचा, आणि तो खिशात असल्यामुळे ऊन लागत नाही अशी त्याची खात्री असायची. या गैरसोयी सगळ्यांच्याच होत्या. माझ्या वाट्याला आणखी एक होती, आणि ती काचेच्या नळीत मावत असे.

लस हैदराबादेला तयार व्हायची. वासराच्या पोटावर उगवून काढलेला तो रस केसाएवढ्या बारीक काचेच्या नळ्यांत भरत, नळ्यांची तोंडं जाळून बंद करत आणि भुसा भरलेल्या लाकडी पेटीतून रेल्वेने पाठवत. पूर्णेला गाडी बदलायची. हिंगोली हे त्या शाखेचं शेवटचं स्टेशन. मधल्या फलाटावर पेटी सावलीत राहिली की उन्हात, ते सांगणारं कुणी नसे. युद्ध सुरू झाल्यावर गाड्यांचा भरवसा गेला, तेव्हा तर पेटी हातात पडली की मी आधी लाकडाला हात लावून बघायचो. ते गरम असे.

मेलेली लस आणि जिवंत लस दिसायला सारखीच. रंग तोच, वास तोच. दंडावर टोचल्यावर आठव्या दिवशी कळायचं. जिवंत असेल तर मोत्यासारखा टपोरा फोड येई. मेलेली असेल तर नुसता ओरखडा, तोही बरा झालेला. म्हणून टोचण्याचा हंगाम हिवाळ्यातला. देवीची साथ मात्र यायची चैत्र-वैशाखात. औषध थंडीत जगायचं आणि रोग उन्हात, हा आमच्या धंद्यातला पेच होता. त्यावर खात्याचं उत्तर ठरलेलं: हिवाळ्यातच सगळ्यांना टोचून घ्या.

सगळ्यांना टोचणं कठीण होतं, त्याचं कारण पदर. मी लेकराच्या दंडावर चार ओरखडे काढून लस लावायचो. आई मान डोलवायची, आणि मी पाठ वळवली की पदराने दंड पुसून वर लोणी चोळायची. लस उष्ण असते असा समज होता. लेकराच्या अंगात उष्णता घालायची नाही, एवढाच त्यातला हेतू. "आधीच आमच्या गावात काय कमी ऊन हाय व्हय," असं एका बाईने मला तोंडावर विचारलं होतं.

लस पुसायला लावणाऱ्यांत माझे घरमालकही होते. नागोअप्पा. जात लिंगायत वाणी, धंदा तुपाचा. तांड्यांवरून तुपाचे डबे घ्यायचे आणि मोठ्या पेठेत पाठवायचे. त्यांच्या घराच्या बाजूची एक खोली माझ्याकडे भाड्याने होती. त्यांना एकच नातू, बसू, नवसाने झालेला. हिवाळ्यात मी त्याला टोचलं तेव्हा आप्पांनी ओट्यावर उभं राहून सगळं पाहिलं. आत गेल्यावर सुनेला पुसायला लावलं. हे मी पाहिलेलं नाही. सुभद्राबाईंनी, म्हणजे त्या सुनेने, नंतर स्वतः सांगितलं. आठव्या दिवशी दंड कोरा होता आणि आप्पा म्हणाले, "आमच्या लेकराला देवी लागतच न्हाई. बघितलं ना?"

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा पडल्या, झाडांचा मोहर झडला आणि त्यानंतर मोजके दिवस हवा थंड राहिली. नेमकी त्याच थंडाव्यात पेटी आली. हाताला गार लागली. ती घेऊन मी सायकलवर पुसेगावच्या वाटेने निघालो आणि एका तांड्यावर पोचलो. तिथे बऱ्याच लेकरांना टोचलं. नळ्या तिथेच संपल्या. एक सोडून सगळ्या आयांनी पुसलं. गोमली नावाच्या बाईने पुसलं नाही. तिच्या थोरल्या मुलाचा एक डोळा देवीत गेला होता. धाकटी सोनी तीन वर्षांची असेल. टोचून झाल्यावर गोमलीने पोरीचा हात स्वतःच्या हातात धरून ठेवला आणि शेजारणीने लोण्याची वाटी पुढे केली तेव्हा एवढंच म्हणाली, "भाकरीला लाव ते."

मी हिंगोलीला परतलो तोवर गार हवा संपली होती. ऊन पहिल्यापेक्षा कडक आलं, आणि त्याच दिवशी जिनिंगमागच्या आळीत देवीचा पहिला रोगी निघाला. मग दुसरा. आळी नागोअप्पांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या हमालांची लेकरं हिवाळ्यात आईबापांबरोबर कापूस वेचणीला शेतांवर असायची, त्यामुळे माझ्या फेरीत सापडलीच नव्हती.

मी लगेच हैदराबादेला तार केली. दुसऱ्याच दिवशी पेटी आली. लाकूड चटका बसेल इतकं तापलेलं होतं. तरीही टोचलं, कारण दुसरं काही हातात नव्हतं, आणि टोचताना प्रत्येकाला सांगितलं की ही लस मेलेली असू शकते. लोकांना असलं बोलणं आवडत नाही. सखाराम नावाचा एक हमाल होता, त्याची दोन लेकरं, चंद्री आणि तिच्यापेक्षा लहान भाऊ. तो म्हणाला, "साहेब, दुकानदार कधी म्हणतो का, माझा माल सडका असंल म्हणून?"

"मी दुकानदार नाही, सखाराम."

"ते दिसूनच राहिलं."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चांगला दंड लाल व्हायला लागतो. एकाचाही झाला नाही. आळीत आणखी दोन घरांना लिंबाचे टहाळे लागले. देवी आलेल्या घराच्या दारात लिंबाचा टहाळा बांधायची रीत होती, म्हणजे बाहेरच्यांनी आत जाऊ नये. सकाळी उठून मी आधी आळीतले टहाळे बघायचो.

सुभद्राबाई एका सकाळी बसूला कडेवर घेऊन माझ्या खोलीच्या दारात आल्या. सासऱ्यांसमोर त्या सहसा बोलत नसत, आणि माझ्याशी तर कधीच बोलल्या नव्हत्या.

"मास्तर, हिवाळ्यात मी त्याचा दंड पुसला. मामंजींनी सांगितलं म्हणून पुसला. आता परत टोचा."

"माझ्याकडे जिवंत लस नाही बाई."

"कुठंच न्हाई?"

तेव्हा मला सोनी आठवली. म्हणजे आठवण आधीपासून होती. मी ती बाजूला ठेवली होती. काचेच्या नळ्या येण्याच्या आधी जुने लोक दंडावरून दंडावर टोचत. एका लेकराचा फोड आठव्या दिवशी भरला की त्यावर टोचणीने हलकेच टोचायचं. पाण्यासारखे स्वच्छ थेंब वर येतात. तेच दुसऱ्या लेकराच्या ओरखड्यावर लावायचे. नळीतली लस उन्हात मरते. लेकराच्या दंडातली मरत नाही, कारण लेकरू जिवंत असतं. खात्याने ही पद्धत केव्हाच बंद केली होती. एका लेकराच्या अंगातला दुसरा एखादा आजार पुढच्याला जाऊ नये, हे कारण, आणि ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सोनीचा आठवा दिवस होता. नवव्याला तो रस दाटायला लागतो, मग उपयोग नाही.

मी सुभद्राबाईंना हे सगळं सांगितलं. मनाई आहे हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग इथं काहून बसून राहिले?"

उन्हं कलल्यावर तांड्यावर पोचलो. नाईकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, बाज टाकली, पाणी दिलं. गोमली समोर बसली. सोनीच्या दंडावर चारपैकी दोनच फोड आले होते, पण ते बघून माझा जीव भांड्यात पडला. टपोरे, मधे खळी, भोवती लाल कडं. पुस्तकातल्या चित्रात असतात तसे.

"शहरात न्यायचं पोरीला?" नाईक म्हणाला. "जिथं देवी चालू हाय तिथं?"

"सोनीला आता देवी होणार नाही."

"आन् ऊन? ते तुमच्या लसीला इचारून लागतंय का?"

मी म्हणालो, पहाटे निघू, ऊन चढायच्या आत पोचू.

गोमलीने वेगळंच विचारलं. "तिच्यातलं काढून घेतलं, तर तिला काय ऱ्हाईल?"

"एकच फोड उघडायचा. दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा नियमच आहे. तो तिचा."

"एका फोडात किती लेकरं व्हतील?"

"पाच. फार तर सहा."

"आन् बाकीची?"

"त्या पाचांचे फोड आठव्या दिवशी भरतील. त्यांच्यातून पुढच्यांना."

ती बराच वेळ पोरीच्या केसांत बोटं फिरवत होती. मग म्हणाली, "मी येते. पण पयलं कबूल करा. माझ्या लेकीचं जो घेईल, त्यानं त्याच्या लेकराचं पुढं द्यायचं. घेताना आमी चालतो, देताना दार लावून घेतात. तसं न्हाई चालणार."

मी कबूल केलं. दुसऱ्यांच्या वतीने कबूल करणं सोपं असतं.

पहाटे निघायचं ठरलं होतं. निघायला उशीर झाला, कारण नाईकाला बैल बदलायचे होते, मग तांड्यातल्या म्हाताऱ्यांना देवीपुढे नारळ फोडायचा होता आणि तो नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही म्हणून चर्चा झाली. छकडा रस्त्याला लागला तेव्हा सूर्य वर आला होता. अर्ध्या वाटेपर्यंत सोनी गात होती. त्यानंतर गप्प झाली. मी सायकलवरून उतरून तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

आठव्या दिवशी लसीचाही ताप येतो. तो चांगला ताप. ऊन लागूनही ताप येतो. हात लावून दोन्ही सारखेच. गोमलीने विचारलं, "कशाचा हाय?" मी म्हणालो, लसीचा. मला माहीत नव्हतं. तिने लुगड्याचा पदर घागरीतल्या पाण्यात बुडवून पोरीच्या डोक्यावर धरला आणि दंडावर मात्र एक थेंब पडू दिला नाही. उरलेली वाट ती त्याच अवस्थेत बसली. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. वाटेत सावली म्हणावी असं झाड नव्हतं. ओढ्याकाठी जे एक होतं त्याखाली गुरं अशी दाटून उभी होती की छकडा आत घालता येईना.

हिंगोलीत पोचलो तेव्हा भर दुपार होती. आळीतली माणसं नागोअप्पांच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली जमली होती. सुभद्राबाईंनीच निरोप फिरवला होता हे नंतर कळलं. आप्पा ओट्यावर उभे होते.

"हे काय लावलंय?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजी तांड्यावरच्या पोरीच्या अंगातलं आमच्या बसूच्या अंगात?"

"हो."

"मास्तर, तुमी भाडेकरू हाव म्हणून ऐकून घेऊन राहिलो."

दाराच्या आडून सुभद्राबाईंचा आवाज आला. डोक्यावर पदर होता, चेहरा दिसत नव्हता. "मामंजी, तूप कुठलं खाता तुमी?"

कडुलिंबाखाली कुणीतरी हसलं. तांड्याच्या तुपावर आप्पांचं घर उभं होतं. गोमली छकड्यातून उतरत होती, ती थांबून म्हणाली, "अन् तेच्यातसुद्धा भेसळ न्हाई, आप्पा. आमच्याकडून निघंपर्यंत तरी."

सुभद्राबाई बाहेर आल्या त्या एका हातात कैरीच्या पन्ह्याचा तांब्या आणि कडेवर बसू अशा. आधी त्यांनी तांब्या सोनीच्या तोंडाला लावला. तिच्या ओठांवरून थोडं ओघळलं, मग ती घटाघटा प्यायली. पदर धरलेला हात गोमलीने तेव्हा पहिल्यांदा खाली टेकवला.

सावलीत बसून मी फोड उघडला. रक्त येऊ द्यायचं नसतं. दाबायचं नसतं. थेंब आपोआप येतात. पहिला थेंब बसूच्या दंडावर गेला. कारण दुसरं काही नाही, तो सगळ्यांत जवळ होता. नंतर आळीतली चार लेकरं. पाचव्या लेकराला थेंब अपुरा पडला आणि फोड कोरडा झाला. सखारामचा नंबर त्याच्या मागे होता. दोन्ही लेकरं त्याच्या हाताला होती.

तो सोनीच्या दंडाकडे बघत म्हणाला, "तो दुसरा हाय की."

"तो उघडता येत नाही."

गोमलीने दंड झाकला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टोचणी पेटीत ठेवली. एक फोड अखंड राहिला नाही तर सोनीलाच देवीचा धोका राहतो, हे मी सखारामला समजावून सांगितलं. त्याने ऐकलं की नाही, सांगता येणार नाही. "आठ दिवसांनी," मी म्हणालो. तो म्हणाला, "बरं." आणि लेकरांना घेऊन गेला.

त्या दिवशी गोमली सुभद्राबाईंच्या ओसरीवर थांबली. संध्याकाळी सोनीचा ताप उतरला. जाताना गोमली सुभद्राबाईंना म्हणाली, "बसूचं पुढं द्यायचं. बोलीवर ऱ्हा, बाई." सुभद्राबाईंनी मान हलवली. आप्पा तेव्हा तुपाचे डबे मोजत होते, निदान तसं दाखवत होते.

त्यानंतरचे दिवस मी सांगतो ते असे. सखारामच्या मुलाला ताप भरला. मी त्याच दिवशी चंद्रीला जिनिंगच्या पलीकडे तिच्या आत्याकडे हलवायला लावलं. ताप भरला त्याअर्थी रोग त्याच्या अंगात आधीच होता, आणि कडुलिंबाखालच्या दिवशी थेंब मिळाला असता तरी उपयोग झाला असता का, याबद्दल मी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाला नाही. दुसरा म्हणाला, कदाचित. माझ्याजवळ याहून जास्त माहिती नाही. मुलगा गेला. पुरळ नीट बाहेर यायच्या आधीच गेला. देवीची तशी एक वाईट जात असते. त्याला नेताना माणसं नागोअप्पांच्या घरासमोरून गेली. नागोअप्पा ओट्यावर बसले होते. ते उठून उभे राहिले आणि शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत उभे होते. हे मी माझ्या खोलीतून पाहिलं.

आठवा दिवस उजाडला. मी सकाळी आळीत गेलो. चार लेकरांपैकी दोघांना लस लागलीच नव्हती, आणि त्यांत थेंब अपुरा पडलेलं लेकरू होतं. उरलेल्या दोघांना लागली होती, पण अंगभर घामोळं उठलेलं, लेकरांनी रात्री खाजवून फोड फोडून टाकले होते. वर राख भरली होती. त्यातून काही घेणं शक्य नव्हतं. म्हणजे राहिला बसू. त्याचे फोड मी रोज लांबून बघत होतो. तीन आले होते, तिन्ही स्वच्छ. सुभद्राबाईंनी आठ दिवस त्याचा डावा हात मऊ फडक्याने बांधून ठेवला होता आणि दुपारभर त्या त्याला वारा घालत बसायच्या.

दार बंद होतं. उन्हाळ्यात दुपारी सगळीच दारं बंद असतात, पण हे सकाळी बंद होतं. मी हाक मारली. आतून आप्पांचा आवाज आला, "लेकरू झोपलंय."

"उठल्यावर?"

पावलं दारापासून लांब गेली.

कडुलिंबाखाली सखाराम येऊन बसला होता. चंद्री त्याच्या मांडीवर. या वेळी त्याच्या हाताला एकच लेकरू होतं. आळीतल्या आणखी काही आया आल्या, बसल्या. ऊन चढत गेलं तशी सावली बुंध्याकडे सरकली आणि माणसं तिच्याबरोबर सरकली. मी दोनदा दारापाशी जाऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी रस दाटणार होता. चंद्रीचा दंड मी तपासला, अंग तपासलं. ताप नव्हता. पण भावाजवळ ती झोपलेली होती, आणि ताप नव्हता याचा अर्थ अजून नव्हता एवढाच.

एक बाई म्हणाली, "चला ग. मोठ्याची दारं अशीच असतात." उठलं मात्र कुणी नाही.

आतून बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मग सुभद्राबाईंचा एक शब्द स्पष्ट आला: "बोली." नंतर कडीचा आवाज झाला.

सुभद्राबाई बाहेर आल्या. अनवाणी होत्या. ओटा उतरून त्या उन्हात आल्या, आणि अंगण इतकं तापलं होतं की त्या जवळजवळ धावत कडुलिंबाकडे आल्या. बसू रडत होता. त्या सखारामसमोर बसल्या आणि फडकं सोडलं. सावली तोवर इतकी आक्रसली होती की बसूचा दंड उन्हातच राहिला. मी म्हणालो, थोडं आत सरका, थेंब उन्हात वाळतो. सरकायला जागा नव्हती. बायांनी एकमेकींना रेटलं, तरी नव्हती.

नागोअप्पा ओट्यावर आले होते. आता हे मूल ओढून नेणार, असं मला वाटलं. सखारामलाही वाटलं असावं, कारण त्याने चंद्रीला घट्ट धरलं. आप्पा परत आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांची काळी छत्री होती, बाजाराला जाताना न्यायचे ती. ओटा उतरून ते आमच्याजवळ आले, छत्री उघडली आणि बसूच्या दंडावर धरली.

"उन्हात मरते म्हणता ना?" ते मला म्हणाले. "मग बघत काय बसले? घ्या."

मी दोन फोड उघडले. तिसऱ्याला हात लावला नाही. पहिला थेंब चंद्रीचा. नंतर एकेक आई पुढे येत गेली आणि छत्री तिच्या लेकरावर सरकत गेली. आप्पांचं स्वतःचं टक्कल उन्हात होतं. मधे कुणीतरी म्हणालं, आप्पा, डोक्यावर घ्या जरा, ऊन लागंल. ते म्हणाले, "खिशात कांदा हाय."

काही आठवड्यांनी आमचे मोहतमीम, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, दौऱ्यावर आले. आळीतल्या लेकरांचे दंड पाहून त्यांनी विचारलं, या पेटीतली लस जिवंत कशी राहिली. मी खरं ते सांगितलं. त्यांनी तपासणीची वही मिटली. मग म्हणाले, "ये तो मना है. आपने बताया नहीं, मैंने सुना नहीं." पुढच्या हिवाळ्यात त्यांनी हिंगोलीला नेहमीपेक्षा जास्त नळ्या पाठवल्या, आणि नागोअप्पांनी आळीतल्या आयांना स्वतः हाका मारून बोलावलं. पदराने पुसणाऱ्यांवर ते ओट्यावरून लक्ष ठेवत. त्यांचा आवाज मोठा होता.

पण ते नंतरचं. आप्पांनी छत्री धरली त्या दिवसापासून आठव्या दिवशी मी चंद्रीच्या आत्याच्या घरी गेलो. मधल्या दिवसांत चंद्रीला ताप येऊन गेला होता, आणि तो कुठला ताप, हे सांगायची माझी छाती नव्हती. सखाराम दारातच उभा होता. त्याने पोरीची बाही वर केली.

दोन फोड. टपोरे, मधे खळी. अंगावर दुसरं काही नव्हतं.

बाहेर आळीतल्या आया दारात जमल्या होत्या. त्यांच्यात एक नवी बाई होती, कडेवर तान्हं घेऊन. सखारामने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चंद्रीचं आता हिला द्यायचं ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. तो पोरीला घेऊन सावलीत जाऊन बसला.